पहिल्या धड्याच्या माथ्यावर येशूचे नाव



गेल्या वर्षी आपल्या धर्मग्रामातल्या एका मुलाला कीबोर्ड शिकायला लागून दोन महिनेही झाले नव्हते, तोच आम्ही त्याला रविवारच्या मिस्साला वाजवायला बसवले. प्रतिसाद-स्तोत्रात त्याची बोटे अडखळली, गायकवृंद थांबला आणि पुढच्या रविवारपासून तो यायचाच बंद झाला. चूक त्याची नव्हती, आमची होती. "मनात भक्ती असली की झाले, बोटांचे एवढे काय!" असे आम्हीच त्याला सांगितले होते. तेव्हापासून एका जुन्या वहीची गोष्ट आमच्या मनात घोळते आहे.

ही वही जर्मनीतल्या कोथेन गावची. २२ जानेवारी १७२० रोजी योहान सेबास्टियन बाख यांनी ती आपला थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्यासाठी सुरू केली. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. बाख राजपुत्र लिओपोल्ड यांच्या दरबारात संगीतप्रमुख होते. दरबार कॅल्विनपंथी असल्याने तिथल्या उपासनेत मोठ्या संगीताला फारशी जागा नव्हती. घरी मात्र हा लूथरपंथी बाप मुलाला शिकवत होता. पियानो त्या काळी इटलीत नुकताच जन्मला होता; बाखांची मुले हार्पसिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड या जुन्या वाद्यांवर शिकली. तरी या वहीतले धडे पियानो शिकणारी मुले आजही गिरवतात.

वहीत आधी स्वरलेखनाच्या खुणा समजावल्या आहेत. मग स्वरांना द्यायच्या अलंकारांचा तक्ता आहे. त्यानंतर एक चिमुकला धडा येतो आणि त्यात कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा याचे आकडे लिहिले आहेत. उजव्या हाताने वर चढताना मधले बोट आणि अनामिका आळीपाळीने, ही तेव्हाची जुनी रीत. म्हणजे निव्वळ बोटांचा सराव. पण त्याच्या माथ्यावर तीन अक्षरे आहेत. ती 'इन नोमिने येसू' या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे. अर्थ : येशूच्या नावाने.

बाखांनी चर्चसाठी रचलेल्या मोठ्या कृतींवर देवाचे नाव घातले, हे अनेकांना ठाऊक असते. इथे ते एका पोराच्या बोटांच्या धड्यावर आहे, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

त्याच वर्षी बाख राजपुत्राबरोबर कार्ल्सबादला गेले होते. परत आले तेव्हा पत्नी मारिया बार्बरा हिचा दफनविधीही उरकलेला होता. मुलगा आईविना झाला. बाख स्वतःही दहाव्या वर्षी आईवडिलांना मुकले होते आणि थोरल्या भावाच्या घरी वाढले होते. दुःख आले, पण वही थांबली नाही. त्यानंतरही तिच्यात नवे धडे येत राहिले.

त्यांतलेच धडे नीट करून १७२३ साली बाखांनी एक संग्रह लिहून काढला : दोन आवाजांचे पंधरा आणि तीन आवाजांचे पंधरा. यांत डावा हात उजव्याचा नोकर नाही; दोघांनाही बरोबरीने गायचे असते. मुखपृष्ठावर त्यांनी हेतू सांगितला आहे. आधी दोन आवाज स्वच्छ वाजवावेत, मग तीन. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाजवणे गाण्यासारखे व्हावे. आपण ज्याला 'गायकी अंगाने वाजवणे' म्हणतो, तेच हे. तंत्र आणि भाव एकाच पानावर, एकाच धड्यात.

बाखांचे चरित्रकार फोर्केल यांनी १८०२ साली त्यांच्या शिकवण्याविषयी लिहिले आहे. नवा विद्यार्थी आला की कित्येक महिने फक्त बोटांचे व्यायाम. त्याचा धीर सुटू लागला की बाख त्याच्यासाठी छोटेसे सुंदर गीत रचत आणि तोच व्यायाम त्यात गुंफत. नवी रचना ते आधी स्वतः वाजवून दाखवत. वाजवणाऱ्याचे स्वतःचे मन हलल्याशिवाय ऐकणाऱ्याचे हलत नाही, असे त्यांचा दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने १७५३ च्या आपल्या ग्रंथात मांडले; पण त्याच ग्रंथात त्याने बोटे कशी टाकावीत हेही बारकाईने शिकवले.

कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल स्तोत्रे व गीते यांविषयी बोलतो आणि लगेच पुढच्या वचनात आपले सारे बोलणे-करणे प्रभू येशूच्या नावाशी जोडतो. त्या 'साऱ्या'त रोजचा अर्धा तास सरावही येतो. देवाला भाव हवा, हे खरेच. पण कच्ची बोटे भाव पोहोचवू शकत नाहीत, आणि ती पक्की करायला वेळ न देणे ही भक्ती नव्हे, आपली घाई आहे.

आम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन आलो आणि त्याची क्षमा मागितली. आता तो पुन्हा शिकतो आहे. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही 'येशूच्या नावाने' असे लिहून दिले. तो तयार होईल तेव्हाच वाजवील. तोवर आपण वाद्याविना गाऊ. एवढा धीर प्रभू आम्हा सर्वांना देवो.