दोन शिलिंग आठ पेन्स

शाळेत येऊन शेरा लिहिणारा सरकारी साहेब इंग्लंडात जन्मला, १८३९ साली. १८३३ मध्ये तिथल्या पार्लमेंटने शाळांच्या इमारतींसाठी पहिल्यांदाच २०,००० पौंड मंजूर केले होते. पैसा दिला की तो कुठे मुरला हे बघायला माणूस लागतोच. १८३९ च्या डिसेंबरात दोघे निरीक्षक नेमले गेले : रेव्हरंड जॉन ॲलन आणि ह्यू ट्रेमनहीर. पण शिक्षण समितीचे सचिव जेम्स के यांनी १८४० मध्येच त्यांना बजावले, की शाळेवर हुकमत गाजवायची नाही, मदत करायची. आज वाचताना नवल वाटते, कारण ही मदत पुढे फार काळ टिकली नाही.

१८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्याने हा निरीक्षक हिंदुस्थानात धाडला. मुंबई इलाख्यात लवकरच शिक्षणखाते उभे राहिले आणि गावोगावच्या मास्तरांना तपासणीला येणाऱ्या डेप्युटीसाहेबांची धास्ती लागली.

खरी कलाटणी मिळाली ती इंग्लंडात, १८६२ मध्ये. खर्च वाढला म्हणून शिक्षण समितीचे उपाध्यक्ष रॉबर्ट लो यांनी नवे नियम आणले. सहा वर्षांवरच्या मुलामागे शाळेला सरासरी हजेरीचे ४ शिलिंग. उरलेले ८ मात्र निरीक्षकासमोरच्या परीक्षेवर. वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्यात मूल नापास, त्याचे २ शिलिंग ८ पेन्स कापायचे. तिन्हींत नापास झाले की आठही गेले! मदतनीस आता वसुली कारकून झाला. मास्तरही काही कमी नव्हते. वाचनाचे पुस्तक वर्षभर घोकून घेतले की मुलाला अक्षरओळख नसली तरी भागत असे. कवी मॅथ्यू अर्नल्ड १८५१ पासून निरीक्षकच होते. नीट तयारी करवून घेतली तर वाचता, लिहिता, हिशेब करता न येणारी मुलेही परीक्षेत पार होतात, असे त्यांनी अहवालात सरळ लिहून टाकले. स्वतःच्याच खात्याबद्दल असे लिहिणारा अधिकारी विरळा.

हीच 'निकालावर अनुदान' पद्धत मुंबई इलाख्यातल्या खासगी शाळांनाही लागू झाली. गणवेश, फळे, पाढे झाडूनपुसून साहेबांची वाट बघण्याची आपली रीत केवळ भीतीपोटी आलेली नाही. तिच्यामागे अनुदानाचा रोकडा हिशेब होता. इंग्लंडने १८९० च्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत काढली. इथे मात्र ती नको, असे सरकारने म्हणायला व्हाइसरॉय कर्झनच्या १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाची वाट पाहावी लागली.