वेढ्यातला स्वयंपाक

घरात भाजी नसली की आमची ही डब्यांवरून एकवार नजर फिरवते आणि पिठलं टाकते. "असेल त्यात भागवायचं," एवढंच तिचं पाकशास्त्र. पण डब्यात बेसन तरी असतं! (हे मी तिला बोलून दाखवत नाही.) बेसनाचाही डबा रिकामा झाला म्हणजे काय होतं, ते कळायला इराकातल्या कुत गावी जायला हवं.

तिथं ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी इंग्रजांच्या सहाव्या डिव्हिजनला वेढा घातला. डिव्हिजनचं नाव 'पूना', सेनापती टाउनशेंड, आणि आत १०३, ११० नि ११७ नंबरच्या मराठा पलटणी. हिंदी शिपायाचा शिधा म्हणजे आटा, डाळ, तूप, गूळ, मिरची, हळद. एकेक जिन्नस संपत चालला. गावात धान्य सापडलं, तर दळायला जाती अपुरी. ती चक्क विमानातून टाकली! आकाशातून जातं यायची वाट बघणारी फौज जगात दुसरी झाली नसेल.

गोऱ्या सोजिरांना पांढरा पाव लागे. त्यांना बेरीबेरी झाली. आटा खाणारे आमचे लोक त्यातून सुटले. पुढं पांढरं पीठ संपलं, जवाची भरड गोऱ्यांच्याही वाट्याला आली आणि बेरीबेरी गेली. 'व्हिटॅमिन' या शब्दाला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.

मग आला घोडा. गोऱ्यांनी तो खाल्ला. साहेब लोक तर साळुंकीच्या जातीचे पक्षीही मारून भाजू लागले. आमच्यांनी घोड्याला नकार दिला. ज्यांच्या पूर्वजांनी घोड्यावर बसून भाकरी खाल्ली, त्यांना आता घोडाच खा म्हणत होते! बरं, प्रश्न नुसता जिभेचा नव्हता. उद्या गावी गेल्यावर पंगतीला कोण बसवून घेईल? हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आलीही; पण धर्मगुरू काही गावच्या पंगतीत वाढायला येणार नव्हते. ताजं मटण नाही, भाजी नाही; हिंदी शिपायांच्या हिरड्या सुजल्या, स्कर्व्हीनं माणसं झिजली. मग नदीकाठचा पाला खुडून शिजवायला सुरुवात झाली. रानभाजी ओळखण्यात आपली माणसं पटाईत, पण ती आपल्या रानातली. तैग्रिसकाठचा पाला परका. त्यात काही विषारी निघाला.

एप्रिलमध्ये पीठ माणशी चार-पाच औंसांवर आलं, म्हणजे दिवसाला दीड-दोन भाकरी. तेव्हा हजारो शिपायांनी मुकाट्यानं घोडा खाल्ला. विमानांनी पंधरवड्यात साताठ टन शिधा टाकला. काही पोती नदीत पडली. तेरा हजार तोंडांना ते किती पुरणार? २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडनं हत्यार ठेवलं.

तुर्कांनी कैद्यांना दगडासारखी काळी बिस्किटं दिली. उपाशी पोटी ती खाऊन कित्येक जण मेले. टाउनशेंडची सोय कॉन्स्टॅन्टिनोपलजवळच्या बेटावर, बंगल्यात झाली. त्याचा लाडका कुत्रा स्पॉट सुखरूप विलायतेला पोचला.