सोलापूरचा उंबरठा आणि छिंगलान

‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट मी प्रथम वडिलांसोबत मुलुंडच्या घरी पाहिला. मरणशय्येवरचा डॉक्टर बायकोला सोलापूरच्या घराची वाट सांगतो आणि पडद्यावर ती तान्ह्या मुलाला घेऊन त्या वाटेने सासरी येते. वडील दर वेळी इथे डोळे पुसत. या शेवटाचा प्रत्यक्षाशी ताळा लावावा, असे मला पुढे वाटू लागले.

द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले आणि मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. जपानशी लढणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. येनानहून ते हपेई प्रांतातल्या डोंगराळ भागात, आघाडीच्या मुलखात गेले. थांग तालुक्यातल्या गेगोंगसारख्या खेड्यांत तिथले रुग्णालय चाले. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. त्यांचे वय ३२ होते आणि मूल चार महिन्यांचेही नव्हते.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून शांतारामांनी परळच्या राजकमलमधून १९४६ मध्ये हा चित्रपट केला. डॉक्टर स्वतः शांताराम झाले, छिंगलान झाल्या जयश्री. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या प्रेक्षकाला दूरच्या डोंगरातले युद्ध परके वाटू नये, म्हणून ते प्रेमकथेतून घरात आणले गेले. कथा घरात आली, तशी नायिकाही सासरी आणावी लागली. विधवा सून मुलाला घेऊन उंबरठ्यावर उभी राहते, हे चित्र आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

खऱ्या छिंगलान मात्र चीनमध्येच राहिल्या. त्या भारतात आल्या, कोटणीस कुटुंबाला भेटल्या, पण पाहुण्या म्हणून. आणि परत गेल्या. २०१२ साली दालियनमध्ये त्यांचे निधन झाले. नवऱ्यामागे त्या जवळजवळ ७० वर्षे जगल्या. त्या काळाला चित्रपटात जागा नाही, आणि १९४६ मध्ये ती असणेही शक्य नव्हते.

पण आपण नंतरही ती जागा करून दिली नाही. चिनी नेते मुंबईत आले की कोटणिसांच्या कुटुंबीयांना भेटत. २०१३ मध्ये पंतप्रधान ली ख-छियांग त्यांच्या बहिणीला भेटले. वर्तमानपत्रांतून कोटणीस पुन्हा जिवंत होत, आणि छिंगलान ‘त्यांच्या पत्नी’ एवढ्याच ओळीत उरत.

शांतारामांनी कोटणिसांना मराठी घराघरांत नेले, हे ऋण मोठे आहे. मात्र डोंगरातल्या त्या रुग्णालयात परिचारिका घडवणारी बाई त्या प्रवासात मागेच राहिली. आता तो शेवट लागला की मीही डोळे पुसतो. पण पडद्यावरची सून उंबरठा ओलांडते, तेव्हा गेगोंगकडे परत वळणारी दुसरी बाई मला दिसत राहते.