पुष्पार्पण : एका रीतीचा प्रवास

समारंभ लहान असो वा मोठा, आपल्याकडे फुलांवाचून तो पुरा होत नाही. सरस्वतीच्या प्रतिमेला हार, पाहुण्यांना पुष्पगुच्छ आणि निरोप घेणाऱ्या गुरुजनांच्या हाती गुलाब हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे, की द्यायचे ते फूलच का, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

संस्कृतातील ‘सुमनस्’ या शब्दात त्याचे एक उत्तर सापडते. त्याचा एक अर्थ फूल, तर दुसरा प्रसन्न मन. पंचोपचार पूजेत गंधापाठोपाठ पुष्प येते. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ आणि पाणी यांना एकाच पंक्तीचा मान दिला आहे. तेथे देणाऱ्याची ऐपत पाहिली जात नाही, भक्ती पाहिली जाते. देवाला वाहायचे फूल हुंगू नये, हा घरोघरी पाळला जाणारा दंडकही हेच शिकवतो : जे द्यायचे, त्याचा उपभोग आपण आधी घेऊ नये.

पुढे या रीतीत इतर संस्कृतींचे धागे मिसळले. ‘गुलाब’ हा शब्दच फारसी. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. हळदीकुंकवाला आजही निघणारी गुलाबदाणी त्या शब्दाचा मूळ अर्थ जपून आहे. युरोपात फुलांच्या सांकेतिक भाषेचे वेड पसरले, त्यामागे तुर्कस्तानातून आलेली वर्णने होती. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी तेथून लिहिलेली पत्रे 1763 मध्ये प्रसिद्ध झाली. 1819 मध्ये पॅरिसला शार्लोट द लातूर या नावाने फुलांच्या भाषेवरील पुस्तक निघाले, तर 1884 मध्ये केट ग्रीनअवे यांचा सचित्र पुष्पकोश इंग्लंडमध्ये आला. त्या कोशात झेंडूच्या एका जातीचा अर्थ ‘मत्सर’ असा दिला आहे!

आपल्या दसऱ्याच्या तोरणातील झेंडूला हे ऐकून नवल वाटेल. पण झेंडू तरी मुळात कुठे आपला आहे? तो मेक्सिकोचा. तेथे नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या स्मरणासाठी त्याच फुलांच्या पाकळ्या पसरतात, त्यांच्या रंगाने आणि गंधाने मृतात्म्यांना घरची वाट सापडावी म्हणून. सोळाव्या शतकानंतर समुद्रमार्गे हे फूल भारतात आले. नव्या पाहुण्याला लोकांनी आपापल्या भाषेत नाव दिले. हिंदीतील ‘गेंदा’, कन्नडमधील ‘चेंडु हूवु’ आणि तेलुगूतील ‘बंती’ या तिन्ही नावांत चेंडूचीच प्रतिमा आहे. हारात त्याच्या शेजारी गुंफला जाणारा निशिगंधही मेक्सिकोचाच. आज या दोघांवाचून आपले मंगलकार्य होत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. फुलाचा अर्थ पाकळ्यांत नसतो, तो देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सहवासातून घडतो. एकच फूल एका देशी शोकाचे, दुसऱ्या देशी मत्सराचे आणि आपल्या उंबरठ्यावर मांगल्याचे ठरते. परंपरा म्हणजे केवळ मूळ स्थान नव्हे; पिढ्यान्‌पिढ्या जपलेली मशागतही परंपराच होय.

महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे उभ्या असलेल्या मराठी शाळेला हे निराळे सांगावे लागू नये. येथील मुले अंगणात एक भाषा बोलतात, वर्गात दुसरी. तरी दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती रेखून तिच्यावर फूल वाहतात. इंग्रजी माध्यमाची ओढ वाढत असताना पालकांनी आपले मूल या वर्गात बसवणे, हेही एक अर्पणच आहे. परक्या मातीत रुजलेले रोप तेथलेच होते खरे, पण त्याला दर हंगामी कोणी तरी पाणी घालावे लागते. हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरील हार संध्याकाळी निर्माल्य होतील. ते पाणी घालण्याचे काम मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आपल्याच हाती येईल.