परक्या यंत्राला काम सांगताना : प्रस्तावना

लिनक्सवरच्या डेटाबेस सर्व्हरने रात्रीची फाइल तयार केली की विंडोज सर्व्हरवरची स्क्रिप्ट लगेच सुरू व्हावी, एवढीच अपेक्षा असते. दोन्हीकडे ठरल्या वेळी काम उरकणारी साधने आहेत, इकडे क्रॉन आणि तिकडे टास्क शेड्युलर. पण नुसत्या घड्याळावर विसंबले आणि पहिले काम लांबले, तर दुसरे अर्धवट फाइलवरच सुरू होते. म्हणून काम संपल्याचा निरोप एका यंत्राने दुसऱ्याला द्यायचा. या विषयाची सुरुवात इथे होते.

आज्ञा कशी पाठवायची, हे शिकवणारे साहित्य विपुल आहे. माझ्या मते खरा अभ्यास त्यापुढचा आहे. काम सांगणारा कोण, हे ओळखायचे कसे? आणि काम झाले की फसले, हे सांगणाऱ्याला खात्रीने कळणार कसे?

पहिल्या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधल्या आरएसएचमुळे दुसऱ्या यंत्रावर आज्ञा चालवणे एका ओळीचे काम झाले. विश्वासू यंत्रांची नावे एका फाइलमध्ये लिहून ठेवली की पासवर्डही लागत नसे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्राम ज्या वाटांनी पसरला, त्यांत हा आंधळा विश्वासही होता. पुढे हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले आणि तिथल्याच तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले. आता नुसते नाव पुरेना, पासवर्ड किंवा गुप्त किल्ली जवळ असल्याचा पुरावा द्यावा लागे, आणि सगळा संवाद कूटबद्ध होऊन जाई.

विंडोजची वाट वेगळी होती. जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून २००६ मध्ये पॉवरशेल आले. त्यात एका आज्ञेकडून दुसरीकडे मजकूर जात नाही, ऑब्जेक्ट जातात. दुसऱ्या आवृत्तीत, २००९ पासून, विनआरएम या विंडोजमधल्या सेवेच्या आधारे दूरच्या यंत्रावर काम सांगता येऊ लागले. २०१६ मध्ये पॉवरशेल मुक्तस्रोत होऊन लिनक्सवर आले आणि विंडोज सर्व्हर २०१९ पासून ओपनएसएसएच हा विंडोजचाच ऐच्छिक भाग झाला. आज एकाच एसएसएचवरून दोन्हीकडे जाता येते.

जाता येते, पण तेवढ्याने समजूत जुळत नाही. विंडोजवर फाइली हलवणारे रोबोकॉपी घ्या. सगळ्या फाइली नीट पोचल्या की ते १ हा आकडा परत देते, आणि ८ वा त्याहून मोठा आकडा आला तरच काहीतरी फसले असे समजायचे. युनिक्सच्या जगात मात्र शून्य म्हणजे यश आणि बाकी सारे अपयश. त्यामुळे चूक दिसताच थांबणारी लिनक्सवरची स्क्रिप्ट नेमकी काम यशस्वी झाल्यावरच थांबते. याच्या उलट प्रकार अधिक घातक असतो. विंडोजवर परतीचा आकडा ३२ बिटांचा असतो, तर युनिक्सवर शेलला त्याचे शेवटचे ८ बिटच दिसतात. त्या ८ बिटांत २५६ चे शून्य होते आणि फसलेले काम यशस्वी ठरते. एसएसएचही स्वतःच्या बिघाडासाठी २५५ हा आकडा वापरते. म्हणजे २५५ आला तर जोडणी तुटली की पलीकडची स्क्रिप्टच तो आकडा देऊन संपली, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. म्हणून परतीच्या आकड्यांचा अर्थ स्क्रिप्ट लिहिण्याआधी दोन्ही बाजूंनी ठरवून लिहून ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

बाकीच्या अडचणी सवयीने सुटतात. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टमधले ओळीच्या शेवटचे जादा चिन्ह लिनक्सला खटकते. अवतरणचिन्हे दोन शेलमधून जाताना गळतात. समोर बसून चालणारी आज्ञा दुरून सापडत नाही, कारण तिथे आपले नेहमीचे प्रोफाइल वाचले गेलेले नसते.

सुरक्षेचा एक उपाय मात्र नवशिक्यानेही पहिल्याच दिवशी शिकावा. ओपनएसएसएचमध्ये एका किल्लीला एकच आज्ञा बांधून देता येते. मग ती किल्ली कुणाच्या हाती पडली, तरी तिने दुसरे काही चालवता येत नाही. रात्रीची एक स्क्रिप्ट सुरू करण्यासाठी प्रशासकाचे सगळे अधिकार देणे मला अक्षम्य वाटते.

या विषयासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एका साध्या संगणकावर दोन आभासी यंत्रे, एक लिनक्सचे आणि एक विंडोजचे, इतके पुरते. ती उभी करा, आणि पलीकडची पहिली स्क्रिप्ट मुद्दाम फसेल अशी लिहा. तिचे अपयश अलीकडे न चुकता कळू लागले, की मगच खऱ्या कामाची स्क्रिप्ट लिहायला घ्या.