बळ आणि तोल

चालणे म्हणजे काय? क्षणोक्षणी तोल जाऊ देणे आणि क्षणोक्षणी तो सावरणे. पाठीच्या कण्याला इजा झाली, की पायांचे बळ जाते आणि त्याबरोबर ही सावरण्याची विद्याही हरपते. चालविणाऱ्या यांत्रिक कवचाचा इतिहास म्हणजे या दोन उणिवा भरून काढण्याचा इतिहास होय.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६५ मध्ये ‘हार्डिमन’ हे अजस्र कवच हाती घेतले. ते ओझी उचलण्यासाठी होते. बळ उदंड, परंतु संपूर्ण कवच चालवू जाताच ते अनावर होई. अखेर त्याचा एक हात तेवढा कामास आला.

बेलग्रेडच्या मिहायलो पुपिन संस्थेत मिओमिर वुकोब्रातोविच यांनी निराळी वाट धरली. पावलाखालच्या कोणत्या बिंदूत भार एकवटला असता चालणारा कलंडत नाही, याचे गणित त्यांनी मांडले. आणि १९७० च्या सुमारास पाय लुळे पडलेल्यांसाठी हवेच्या दाबावर चालणारे कवच घडविले.

पुढे इस्रायलचे अमित गोफर यांनी ‘रीवॉक’ निर्माण केले. १९९७ च्या अपघाताने त्यांचे स्वतःचे हातपाय दुबळे झाले होते. धड किंचित पुढे झुकले, की मोटर पाऊल उचलते. २०१४ मध्ये अमेरिकन शासनाने त्याच्या घरगुती वापरास संमती दिली. मात्र तोल कुबड्यांवर सावरावा लागे; म्हणून खुद्द निर्मात्यालाच ते वापरता आले नाही.

आता कुबड्यांविना उभी राहणारी कवचेही रुग्णालयांत आली आहेत. बळ यंत्राने केव्हाच दिले होते. तोल ते अजून शिकत आहे.