तळटीप : रेडिओ अवशेष

१. रेडिओ अवशेष – दोन दीर्घिकासमूह विलीन होताना त्यांच्यातला कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने एकमेकांवर आदळतो. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचे पाणी मिसळते, तसे हे सावकाश मिसळणे नव्हे. इथे वायूतल्या ध्वनीच्या दोन-तीन पट वेगाने आघाततरंग धावतात. त्यांच्यापाशी काही इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाचा वेग गाठतात, क्षीण चुंबकक्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओलहरी सोडतात. आबेल ३३७६ या समूहाच्या कडांवरच्या अशा प्रचंड कमानी पुण्याच्या आयुकातील जयदीप बागची व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सॉसेज’ अवशेषाच्या अभ्यासात खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणेही होती.

अशा विलीनीकरणांच्या सिम्युलेशनमध्ये कृष्णद्रव्य व वायू यांची हालचाल संगणकावर सोडवतात, तापमानाच्या उडीवरून आघाताची तीव्रता काढतात आणि ऊर्जेचा ठरावीक अंश इलेक्ट्रॉनांना मिळाला असे धरून रेडिओतेज मोजतात. हा अंश हाच पद्धतीचा कच्चा दुवा आहे. अनेक अवशेषांचे तेज एवढ्या सौम्य आघातांतून निघत नाही; तिथे कृष्णविवरांच्या जुन्या झोतांनी आधीच वेगवान केलेले इलेक्ट्रॉन असावेत, असे बरेच अभ्यासक मानतात. म्हणून ‘आघातामुळे इलेक्ट्रॉन निर्माण होतात’ असे न म्हणता ‘आघातामुळे इलेक्ट्रॉनांना वेग मिळतो’ असे म्हणावे. – संपादक